फाटक्या आवाजाची बाजू

सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. गेल्या वर्षीच्या गॅदरिंगनंतर आपल्या कल्चरल कमिटीची मीटिंग झाली, तिच्यात 'यापुढे स्टेजवर लाइव्ह बँड नको, ट्रॅकवर गाणारेच घ्यायचे' असा ठराव आला. हात वर करणाऱ्यांमध्ये मीही होतो. चांगला कोपरापासून सरळ वर केला होता.

कारण सगळ्यांना आठवत असेल. सेकंड इयरची चार पोरं गिटार, बेस आणि उसना आणलेला ड्रमसेट घेऊन स्टेजवर आली. पहिल्याच गाण्यात माइक असा काही शिट्टी मारू लागला की पुढच्या रांगेतल्या मॅडमनी कानावर हात ठेवले. दुसऱ्या गाण्यात गिटारची तार तुटली. तिसऱ्यात गाणाऱ्याने वरचा सूर पकडायला उडी मारली आणि तो सूर काही त्याच्या हाती लागला नाही. पुढे हशा, मागे शिट्ट्या. मागच्या चार रांगा मात्र खुर्च्या बाजूला सारून नाचत होत्या, हेही खरं. मीटिंगमध्ये ते कुणी बोललं नाही. मीही नाही.

आता हे सगळं उकरून काढायचं कारण म्हणजे एक अल्बम. वय वर्षं चाळीस, मुक्काम पोस्ट हॅम्बुर्ग, जर्मनी. मला तो भेटला जयगडच्या जेटीवर.

मे महिन्यात घरी होतो. तवसाळला मावशीकडे आंब्याची पेटी पोचवायची होती. आमच्याकडे शास्त्री नदीच्या मुखाशी अलीकडे जयगड, पलीकडे गुहागर तालुक्यातलं तवसाळ. मध्ये खाडी, आणि खाडीत गाड्या-माणसं वाहून नेणारी फेरीबोट. तिला सगळे जंगलजेटी म्हणतात. पाण्यातला प्रवास थोडा आणि काठावरची वाट पाहणी जास्त. माझी एक फेरी डोळ्यांदेखत सुटली. मोबाइलमध्ये सीनियरने भरून दिलेली गाणी होती, त्यातलं एक फोल्डर उघडलं. बँडचं नाव हेलोवीन. अल्बमचं नाव 'वॉल्स ऑफ जेरिको', साल १९८५.

ज्यांना मेटल म्हणजे फक्त वर्कशॉपमधलं माइल्ड स्टील माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडी प्रस्तावना. हेवी मेटल या संगीताच्या बऱ्याच पोटजाती आहेत. त्यातली 'पॉवर मेटल' म्हणजे वेग प्रचंड, पण चाल गुणगुणता येईल अशी. गाणारा बहुतेक वेळा टिपेला. विषय म्हणजे वीर, राक्षस, आकाशात उड्डाण, जगाचा शेवट, असे सगळे घाऊक भावातले. लाजायचं नाही, काही कमी करायचं नाही. ज्याने नमनातला संकासुर किंवा दशावतारातलं तलवारयुद्ध लहानपणी मांडी घालून पाहिलंय, त्याला हे समजवावं लागत नाही. मुकुट पुठ्ठ्याचा आहे हे सगळ्यांना दिसतं, पण राजा आला की अंगावर काटा येतोच. पॉवर मेटलचंही तेच.

या प्रकाराची युरोपातली मुळं शोधायला गेलं की दोन-तीन नावं येतात. आयर्न मेडन आणि जुडास प्रीस्ट हे इंग्रज आहेतच. जर्मनीतल्या अ‍ॅक्सेप्ट या बँडचं १९८२ मधलं 'फास्ट अ‍ॅज अ शार्क' हेही वेगाच्या बाबतीत मैलाचा दगड मानतात. पण वेग, चाल आणि टिपेचा सूर यांचा पुढे गाजलेला फॉर्म्युला घडवण्यात हेलोवीनचा वाटा फार मोठा आहे. हॅलोवीन या सणाच्या स्पेलिंगमधला 'ए' काढून 'ई' बसवला की त्यात इंग्रजीतला नरक तयार होतो, असा तो नावातला पांचटपणा. भरीला नावातल्या 'ओ'च्या जागी भोपळा! आपल्याकडे भोपळा पेपरात मिळतो. या लोकांनी तो स्वतःहून लावून घेतला आणि त्यावर चाळीस वर्षं संसार केला.

१९८४ मध्ये हॅम्बुर्गमध्ये चौघं एकत्र आले. काय हान्सेन गिटार आणि गाणं, मिखाएल वायकाथ गिटार, मार्कुस ग्रोसकोफ बेस आणि इंगो श्विख्टेनबर्ग ड्रम्स. नॉइज नावाच्या लहानशा कंपनीने त्यांची दोन गाणी त्याच वर्षी एका संकलनात घेतली. १९८५ मध्ये पाच गाण्यांची एक छोटी रेकॉर्ड आली, आणि त्याच वर्षी हा पहिला पूर्ण अल्बम. पश्चिम बर्लिनमधल्या म्युझिकलॅब स्टुडिओत हॅरिस जॉन्स या ध्वनितंत्रज्ञाच्या हाताखाली तो रेकॉर्ड झाला. म्हणजे भिंती पाडणाऱ्या नावाचा अल्बम भिंतीने वेढलेल्या शहरात तयार झाला, आणि चार वर्षांनी ती भिंत पडली. बँडच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही. योगायोगही कधी कधी चांगला वाजतो, एवढंच.

एक सूचना. आज बाजारात किंवा ऑनलाइन जी आवृत्ती मिळते ती बहुधा 'स्टारलाइट' या गाण्याने सुरू होते. ती म्हणजे आधीच्या पाच गाण्यांच्या रेकॉर्डची पुढे जोडलेली शेपटी, आणि शेवटी १९८६ चं 'जुडास' हे गाणं. मूळ अल्बम मधला, साधारण चाळीस मिनिटांचा. पहिल्यांदा ऐकताना तेवढाच ऐका.

अल्बम उघडतो तो नाटकीपणाने. 'लंडन ब्रिज' आपण सगळे बालवाडीत म्हणत होतो. त्या चालीवरची, १९८२ च्या एका भयपटातली जाहिरातीची धून ऐकू येते. मग तुताऱ्या, मग पडझडीचा आवाज. जेरिको हे बायबलमधलं तटबंदीचं शहर. जोशुआच्या लोकांनी सात दिवस त्याला प्रदक्षिणा घातल्या, याजकांनी शिंगं फुंकली, लोकांनी आरोळी ठोकली आणि तट कोसळला, अशी कथा. एवढी मोठी प्रस्तावना करून ही चार पोरं आत येतात आणि 'राइड द स्काय' सुरू होतं.

आणि हान्सेन तोंड उघडतो.

माफ करा, पण माझी पहिली प्रतिक्रिया 'अरे, हा तर आपला सेकंड इयरवाला!' अशीच झाली. आवाज पातळ, टोकाला फाटणारा. वरच्या पट्टीत तो सूर गाठत नाही, सुरावर झडप घालतो. कधी पंजा लागतो, कधी नुसती नखं. इंग्रजी उच्चार अस्सल जर्मन. एका हाताने अवघड गिटार आणि त्याच वेळी टिपेला गाणं, ही कसरत प्रत्येक ओळीत जाणवते. ओळ संपताना श्वास संपतो आणि गिटारचा तुकडा सुरू होतो, तेव्हा ऐकणाऱ्यालाही सुटल्यासारखं वाटतं.

दोष तेवढाच नाही. जमाखर्च मांडायचाच तर नीट मांडू.

दुसरा दोष आवाजाच्या पोताचा. गिटार कडक, पत्र्यावर खिळा ओढल्यासारख्या. साध्या इअरफोनवर झांजा एवढ्या पुढे येतात की बाकीचे मागच्या खोलीत वाजवताहेत असं वाटावं. तिसरा दोष, विश्रांती नाही. 'रेप्टाइल' जरा थांबून चालतं, बाकी जवळजवळ सगळी गाणी शेवटची एसटी पकडायची असल्यासारखी धावतात. पहिल्या ऐकण्यात 'गार्डियन्स' कुठे संपलं आणि 'फँटम्स ऑफ डेथ' कुठे सुरू झालं हे मला कळलं नव्हतं. 'मेटल इन्व्हेडर्स' तर १९८४ च्या संकलनातलंच, पुन्हा वाजवलेलं.

चौथा दोष शब्दांचा. 'गॉर्गर' हे गाणं एका पिनबॉल मशीनच्या व्यसनावर आहे! गॉर्गर हे खरंखुरं मशीन, अमेरिकेतल्या विल्यम्स कंपनीने १९७९ मध्ये आणलेलं, पिनबॉलमधलं पहिलं बोलणारं. त्याच्या पोटात फक्त सात शब्द होते, तेच उलटसुलट जोडून ते वाक्यं बनवायचं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी कौतुकाने ऐकावं असा विषय, पण गाणं म्हणून जरा पोरकटच. आणि 'हेवी मेटल (इज द लॉ)' या गाण्यात तर चक्क स्टेडियमभर लोक ओरडताहेत. स्टुडिओत कुठले आले लोक? ज्यांना अजून गर्दी मिळाली नव्हती त्यांनी ती रेकॉर्डिंगमध्येच घालून घेतली. मला हसू आलं. मग थोडं वाईट वाटलं. मग ते गाणं मी परत लावलं.

कारण या सगळ्याच्या दुसऱ्या बाजूला जे आहे ते भन्नाट आहे.

आधी इंगोचे पाय. या संगीतात ड्रमरच्या दोन्ही पायांना काम असतं. दोन मोठे ढोल, दोन पेडल. समजा गाण्याची लय मिनिटाला १६० मात्रांची आहे आणि प्रत्येक मात्रेत चार ठोके मारायचे आहेत. म्हणजे मिनिटाला ६४०, सेकंदाला दहाच्या वर, एकेका पायाला पाच. हे करताना वर दोन्ही हात वेगळंच काहीतरी वाजवताहेत. १९८५ मध्ये टेपवर रेकॉर्डिंग व्हायचं. आजच्यासारखा चुकलेला ठोका माऊसने उचलून जागेवर ठेवायची सोय नव्हती. जे आहे ते त्या पोराच्या पोटऱ्यांतलं आहे. तेव्हा तो वीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्याच वयाचा.

मग दोन गिटार. एक 'सा' वाजवते तेव्हा दुसरी 'ग', आणि दोघी तेच अंतर धरून एका चालीत पळतात. ही युक्ती यांची नव्हे, थिन लिझी आणि आयर्न मेडन यांनी ती आधीच रुळवली होती. पण ती एवढ्या वेगात आणि एवढ्या आनंदाने वाजवायची म्हणजे गंमत आहे. आनंद हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. मेटल म्हणजे राग, काळे कपडे आणि आई-वडिलांशी भांडण असा समज आहे. या अल्बममध्ये चेहरा रागीट आहे, पण खालून कुणीतरी खुदखुदतंय.

आणि शेवटचं 'हाऊ मेनी टियर्स'. सात मिनिटांचं, वायकाथने लिहिलेलं. पिनबॉल आणि भुतं संपवून ही पोरं अचानक युद्धाबद्दल आणि माणसांनी माणसांचं जे चालवलंय त्याबद्दल बोलायला लागतात. मध्ये गाणं एकदम शांत होतं. सगळा अल्बम धावत आल्यावर ती शांतता काय काम करते ते ऐकूनच कळेल. मग पुन्हा लय चढत जाते. इथे हान्सेनचा आवाज तसाच फाटका आहे, पण आता तो दोष वाटत नाही. रडणाऱ्या माणसाचा आवाज गोड असेल तर शंका घ्यावी.

परतीच्या फेरीत माझ्यासोबत आमचे अण्णाकाका होते. काका वाडीतल्या जाखडीच्या नाचात मृदंग वाजवायचे. त्यांनी अशा बोटींवर पोरांना नुसतं मोबाइलमध्ये मान घालून बसलेलं बघवत नाही. "काय ऐकतोस येवढां?" म्हणून विचारलं. मी एक इअरफोन त्यांच्या कानात दिला. 'राइड द स्काय' लावलं. काका खाडीकडे बघत, मांडीवर बोटं आपटत पूर्ण गाणं ऐकत राहिले. मग इअरफोन काढून म्हणाले, "ह्याच्या पायात दम हाय, गल्यात नाय."

एका वाक्यात परीक्षण संपलं! मी एवढी चार पानं लिहितोय.

पण काका पुढे जे बोलले ते माझ्या डोक्यातून जात नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जाखडीत मध्ये गाणारे बुवा आणि वाजवणारे बसतात, भोवती पायात चाळ बांधून पोरं फेर धरतात. शक्ती आणि तुरा अशा दोन पक्षांची बारी लागली की प्रश्नोत्तरं, कोपरखळ्या रात्रभर चालतात. नवा बुवा पहिल्या वर्षी बसला की मध्यरात्रीनंतर त्याचा आवाज जातोच, हे काकांनी सांगितलं. मी विचारलं, "मग काय करता?" काका म्हणाले, "काय करनार? पोरां नाचतात. मागचे झील धरतात. पयल्या वर्साला गला बसायचाच. बसला नाय तर समजायचां, त्याना जीव लावून म्हटलां नाय." आणि दुसऱ्या वर्षी? "दुसऱ्या वर्साला बुवा शानो होतो. कुठं ताकद लावायची ती कलते."

हेलोवीनचंही असंच झालं. गिटार आणि गाणं दोन्ही एकदम सांभाळणं हान्सेनला जड जात होतं. म्हणून त्यांनी मिखाएल किस्के हा अठरा-एकोणीस वर्षांचा गायक आणला. १९८७ आणि १९८८ मध्ये 'कीपर ऑफ द सेव्हन कीज'चे दोन भाग आले आणि जगभर या संगीताची शाळाच सुरू झाली. पुढची कितीतरी बँड्स त्या शाळेतून निघाली. आता विचार करा. १९८५ मध्ये कुणी कमिटीने त्यांना सांगितलं असतं की बाबांनो, तुमचा गायक बसत नाही, आधी चांगला गायक आणा आणि मग या, तर? अल्बम निघाला म्हणून लोकांनी ऐकलं. ते घेऊन फिरले म्हणून काय निभत नाही ते कळलं. दुरुस्ती वापरातून होते. हे आपल्याला इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवायला नको.

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमधला फिटिंगचा जॉब आठवा. आठवडे च्या आठवडे फाइल मारायची, हाताला फोड आणायचे, आणि सरांनी ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरला की फटीतून सगळं जयगडचं दीपगृह दिसायचं! जॉब रिजेक्ट. पण म्हणून कुणी फिटिंग शॉपला कुलूप लावलं? बाजारात तयार, घासूनपुसून काटकोनात असलेले तुकडे मिळतात, तेच सबमिट करा असं कुणी सांगितलं? उलट कुणी बाहेरून करून आणला तर सर तो फेकून देतात. गॅदरिंगच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच केलं. तयार ट्रॅक आणा, त्यावर गा, फट दिसता कामा नये.

ट्रॅकवर गाणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. आपल्या कॉलेजात तीन-चार गळे खरंच सुंदर आहेत. पण ट्रॅकमधली सफाई ही दुसऱ्या कुणाची तरी कमाई असते. तिथे ढोलकीवाला गाणाऱ्याकडे बघून थांबत नाही, गाणारा चुकला तर गिटारवाला सावरून घेत नाही. चौघांनी मिळून चुकायचं आणि चौघांनी मिळून सावरायचं, हे शिकायची जागा कॉलेजात तरी कुठे आहे? ग्रुप प्रोजेक्टमध्ये? तिथे एक जण करतो आणि तिघं स्पायरल बाइंडिंगला जातात, हे आपण सगळे जाणतो.

आता विरुद्ध बाजू. एका सरांनी मला विचारलं, "अरे, प्रेक्षकांनी काय गुन्हा केला? पाचशे माणसांच्या कानावर यांचा सराव का?" प्रश्न रास्त आहे. आणि दोष असला म्हणजे आपोआप ते प्रामाणिक, थोर वगैरे, असंही मी म्हणत नाही. आळशीपणाने आलेला दोष आणि हात वर पोचवताना आलेला दोष यांत फरक आहे. न बसवता, तीन कॉर्डवर वेळ मारून नेणाऱ्याला जरूर खाली उतरवा. हेलोवीनच्या अल्बममध्ये एकही जागा अशी नाही जिथे ते कमी मेहनतीत सुटलेत. आवाज फाटलाय तो आवाक्याबाहेरच्या सुरासाठी फाटलाय.

मग आपल्या चौघांचा दोष कोणत्या प्रकारातला होता? जेटीवरून आल्यावर मी जरा हिशोब केला. मला शरम वाटली.

त्यांना नंबर दिला होता रात्री पावणेदहाला. दहा वाजता स्पीकर बंद करायचा, हा नियम. साउंड चेक नाही, कारण दुपारी स्टेजवर सत्काराच्या खुर्च्या मांडायच्या होत्या. माइकची शिट्टी म्हणजे काय, हे ईएनटीसीचा कुठलाही पोरगा सांगेल. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, तो वाढून परत स्पीकरमधून येतो, परत माइकमध्ये शिरतो, असं चक्र. तो माइक स्पीकरच्या पुढ्यात कुणी उभा केला होता? कमिटीने. म्हणजे माझ्यासकट आम्ही. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, कारण त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकरच नव्हता. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस ओरडतो, आणि ओरडला की सूर जातो. चार दोषांपैकी तुटलेली तार सोडली तर बाकीचे बरेचसे आमच्या नावावर जमा होतात. शिक्षा मात्र त्यांना झाली, आणि शिक्षा देणाऱ्या हातांत एक हात माझा.

आमच्या जयगडच्या किल्ल्याची एक आख्यायिका सांगतात. तट बांधताना तो सारखा ढासळायचा. शेवटी जयबा नावाच्या तरुणाचा बळी दिला तेव्हा तो उभा राहिला, आणि त्याच्यावरून गडाचं नाव पडलं. किल्ल्यात त्याचं स्मारक आहे. लहानपणी मला ही गोष्ट शौर्याची वाटायची. आता वाटतं, बांधकाम ढासळत होतं तर दोष पायात असेल, चुन्यात असेल, बांधणाऱ्यात असेल. त्या पोराचा काय संबंध? एवढ्या मोठ्या गोष्टीशी गॅदरिंगची तुलना करू नये, कळतं मला. पण जेरिकोची भिंत ऐकत असताना डोक्यात ही भिंत आली, ती आलीच.

आपल्याकडेही पहिल्या, कच्च्या अल्बमची परंपरा आहे. मुंबईच्या रॉक मशीनचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' १९८८ चा. तोच बँड १९९३ मध्ये इंडस क्रीड झाला. मुंबईतच १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक भरायला लागला, तेव्हा कॉलेजच्या पोरांची बँड्स रंगभवनच्या उघड्या स्टेजवर घाम गाळायची. डीमॉनिक रिझरेक्शन या मुंबईच्या बँडने पहिला अल्बम २००० मध्ये काढला आणि २०१७ मध्ये 'दशावतार' नावाचा, एकेका अवतारावर एकेक गाणं असलेला अल्बम केला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत पोचायला सतरा वर्षं लागली. पहिल्या वर्षी दार बंद केलं असतं तर?

गेल्या आठवड्यात मी त्या चौघांच्या रूमवर गेलो. आता ती थर्ड इयरला आहेत. गिटार कपाटावर, कव्हरवर धूळ. सरावाचे पॅड मेसच्या डब्यांखाली. "दादा, आता नाही वाजवत. केट्या पण आहेत," असं ड्रमवाला म्हणाला. मी काय बोलणार? ठरावाचं सांगितलं. माझ्या हाताचंही सांगितलं. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग मी 'वॉल्स ऑफ जेरिको' लावला. दोन गाणी झाल्यावर त्यांचा गायक ताडकन उठून बसला आणि म्हणाला, "दादा, हा तर माझ्यापेक्षा वाईट गातो!"

"हो ना," म्हटलं.

'हाऊ मेनी टियर्स' संपेपर्यंत ड्रमवाला पलंगाच्या कडेवर पट्ट्यांनी ठोके मोजत होता. मी त्याला इंगोबद्दल सांगितलं. आजारपणामुळे १९९३ मध्ये इंगोला बँड सोडावा लागला. मनाचा आजार होता. १९९५ मध्ये, तीस पूर्ण व्हायच्या आत, त्याने स्वतःला संपवलं. हान्सेन आणि किस्के बऱ्याच वर्षांनी बँडमध्ये परतले आणि २०२१ मध्ये सगळ्यांनी मिळून अल्बम केला, तेव्हा आताच्या ड्रमरने इंगोचा जुना ड्रमसेट वाजवला. आणि हान्सेन अजूनही स्टेजवर या पहिल्या अल्बमची गाणी स्वतः गातो. शेजारी किस्केसारखा गायक उभा असताना! आवाज अजूनही तसाच. लोक सोबत गातात. आता ती गर्दी रेकॉर्डिंगमध्ये घालावी लागत नाही.

असो. लेख लांबला. संपादक मंडळाने दिलेल्या जागेत आता फक्त मागण्या मांडतो.

एक, लाइव्ह बँडबंदीचा ठराव मागे घ्यावा. दोन, गॅदरिंगमध्ये वीस मिनिटं लाइव्ह वाजवणाऱ्यांना द्यावीत, तीही साडेआठच्या आत. तीन, दुपारी अर्धा तास साउंड चेक, सत्काराच्या खुर्च्या नंतर मांडता येतात. चार, माइक आणि स्पीकर कुठे ठेवायचे हे ईएनटीसीच्या पोरांना ठरवू द्यावं. पाच, कार्यक्रमानंतर याच अंकात खरं परीक्षण छापावं. वाईट वाजलं तर वाईट म्हणावं, पायात दम असेल तर तेही लिहावं. काकांच्या मापाने दोन वाक्यं पुरतील.

कमिटीची मीटिंग सबमिशन संपल्यावर, पहिल्या शनिवारी आहे. ठराव फिरवायला सहा हात लागतात. माझा धरून चार झालेत.

— टी. ई. मेकॅनिकल, बॉइज होस्टेल